जुनेरापासून डायपरपर्यंत : बाळाच्या लंगोटाची वाटचाल

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, हा प्रघात आम्ही याही वर्षी पाळत आहोत. यंदाचा विषय काही वाचकांना किरकोळ वाटेल. बाळाचा लंगोट, त्याच्याखाली अंथरायची बाळोती आणि गादी भिजू नये म्हणून घालायचे मेणकापड यांत लिहिण्यासारखे ते काय, असे कोणीही विचारील. तथापि प्रसूती विभागात काम करणाऱ्यांना हा विषय मुळीच किरकोळ वाटत नाही. बाळाला बोलता येत नाही. त्याचे पोट भरते आहे की नाही, कावीळ साधी आहे की गंभीर, लघवीचा मार्ग मोकळा आहे की नाही, याची पहिली बातमी बहुधा लंगोटावरच उमटते. गेल्या शतकभरात हे वस्त्र कसकसे बदलले, त्या बदलाने आईची कोणती दगदग वाचली आणि कोणती बातमी झाकली गेली, याचा मागोवा येथे घेतला आहे.

जुनेराचे दिवस

आपल्या भागात बाळाचे पहिले वस्त्र नवे नसे. आजीचे वापरून मऊ झालेले नऊवारी लुगडे, म्हणजेच जुनेर, किंवा आजोबांचे विरलेले धोतर फाडून त्याची बाळोती करीत. काठ आणि पदर वगळला तरी एका लुगड्यातून सुमारे दोन डझन चौकोनी तुकडे सहज निघत. त्यांतील काही दुहेरी शिवून दुपटी होत, काहींना नाड्या लावून तिकोनी लंगोट होत, आणि उरलेले तुकडे वाकळेच्या पोटात जात. बाळंतविड्यात नवी झबली, टोपडी आणि कुंची आली तरी अंगाशी लागणारे कापड जुनेच असावे, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असे.

या आग्रहामागे दृष्ट लागण्याच्या समजुती असतील. परंतु त्यात शहाणपणही होते. नव्या कापडाला खळ असते आणि ती पाणी लवकर शोषू देत नाही. वर्षानुवर्षे धुऊन खळ गेलेले सुती कापड मऊ होते व चटकन ओल टिपते. कापसाच्या धाग्यात नेहमीच्या हवेतही सुमारे साडेआठ टक्के ओलावा मुरलेला असतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात तो अर्धा टक्काही नसतो. जुनेर बाळाला का सोसत असे, हे या दोन आकड्यांवरून समजते.

असे कापड आपल्या जिल्ह्यात विपुल होते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे त्या गावाचे नाव धोतर, मलमल व पॉपलीन यांसाठी सर्वदूर झाले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली कापड गिरणीची पायाभरणी केली. घरोघरी सुती वस्त्रे होती, म्हणूनच घरोघरी जुनेरही होते.

लंगोटाशिवायही पुष्कळ काम भागत असे. बाळ दिवसाचा बराच वेळ खालून उघडेच असे. आई किंवा आजी पाय पसरून बसे, बाळाला दोन्ही पायांवर बसवी आणि तोंडाने ‘शू शू’ असा आवाज करी. त्यामुळे बाळाला कधी लघवी होते, किती होते आणि मुलगा असल्यास धार नीट पडते की थेंबथेंब होते, हे तिला आपोआप दिसत असे.

मात्र या काळाचे गोडवे गाताना त्यातील कष्ट विसरता कामा नयेत. तान्ह्या बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा बदलावे लागते. म्हणजे महिन्याला तीनशेहून अधिक कापडे धुणे आले. आड, विहीर किंवा पंचगंगेचा घाट येथवर हे धुणे वाहून नेणाऱ्या बहुधा स्त्रियाच असत. अनेक घरांत बाळंतपणाचे धुणे परटीण नेत असे. त्यांच्या वाट्याला आलेली घाण आणि रोगजंतू यांची नोंद कोणी ठेवली नाही. त्यात कोल्हापूरचा पाऊस. आषाढ-श्रावणात दांडीवरचे कापड दोन दोन दिवस वाळत नसे. मग बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून तिच्यावर बुट्टी उपडी घालीत आणि त्या बुट्टीवर बाळोती पसरीत. कापड वाळे, परंतु कोंदट खोलीतील तो धूर आणि कोळशाचा विषारी वायू आई व बाळ दोघांच्याही फुफ्फुसांत जाई.

मेणकापड आणि रबर

लंगोट कितीही शोषक असला तरी ओल खाली झिरपते. वाकळ किंवा गोधडी रोज धुणे शक्य नव्हते. तेव्हा बाळोत्याखाली पाणी न झिरपणारे काहीतरी घालावे, ही कल्पना आली. पहिल्या काळातील मेणकापड म्हणजे तेलाचे वा मेणाचे थर चढविलेले सुती कापड होते. ते घडी पडली की चिरे आणि उन्हाने चिकट होई.

पुढचा टप्पा रबराचा. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये विरघळविलेल्या रबराचा थर देऊन जलरोधक कापड बनविण्याचे पेटंट घेतले. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याचे चार्ल्स गुडइयर यांचे पेटंट १८४४ सालचे. त्यानंतर उष्णतेने वितळणारे व थंडीने कडक होणारे रबर टिकाऊ झाले. आजही रुग्णालयातील जुन्या परिचारिका खाटेवरच्या रबरी कापडाला ‘मॅकिंटॉश’ म्हणतात, त्याचे मूळ हे आहे. घरात त्यालाच नुसते ‘रबर’ म्हणण्याची पद्धत पडली. ‘बाळाखाली रबर घाला’ हे वाक्य कोल्हापुरातल्या कोणत्याही आजीच्या तोंडी ऐकू येईल.

रबराने गादी वाचली. परंतु ओल खाली जाईना तेव्हा ती बाळाच्या पाठीशी साचून राहू लागली. रबर नेहमी बाळोत्याच्या खाली असावे, बाळाच्या कातडीला लागू नये, हा नियम तेव्हापासूनचा आहे. पुढे जलरोधक आवरणांत जे जे सुधार झाले, त्या सर्वांना हीच अडचण आली. अंथरूण, पालकांची मांडी आणि पाहुण्यांचे कपडे कोरडे राहिले. बाळाची कातडी कोरडी राहण्याची पाळी सर्वांत शेवटी आली.

प्लास्टिकची चड्डी

विसाव्या शतकात आवरण अंथरुणावरून थेट बाळाच्या अंगावर आले. अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा जलरोधक पडदा कापून लंगोटावर घालायचे आवरण शिवले. पुढे तिने त्यासाठी नायलॉनचे कापड वापरले आणि टोचणाऱ्या सेफ्टी पिनेऐवजी टिचबटणे लावली. १९४९ साली ते न्यूयॉर्कच्या दुकानात विक्रीस आले आणि १९५१ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी हवाई छत्रीच्या नायलॉनपासून आवरण तयार केले. त्याच्या आत वापरून टाकून देण्याची घडी ठेवता येत असे.

आपल्याकडे ही कल्पना पोचली ती कंबरेला व मांड्यांना इलॅस्टिक असलेल्या प्लास्टिकच्या चड्डीच्या रूपाने. प्रवासात, लग्नकार्यात आणि दवाखान्यात नेताना तिची मोठी सोय झाली. परंतु तिच्यातून पाणी जसे बाहेर येत नसे, तशी वाफही येत नसे. उष्ण, दमट हवेत काही तास ती तशीच राहिली की जांघा लालबुंद होत आणि इलॅस्टिकचे वळ मांड्यांवर उठत.

याच सुमारास आणखी एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला. घरातील सुती लुगड्यांची जागा नायलॉनच्या व पॉलिएस्टरच्या गोल साड्यांनी घेतली. धोतराऐवजी टेरीकॉटची पँट आली. ही वस्त्रे टिकाऊ होती, इस्त्रीची कटकट नव्हती. पण जुनी झाली तरी ती ओल टिपत नसत. म्हणजे जुनेराचा झराच आटला. बाळोत्यांसाठी प्रथमच बाजारातून कापड विकत आणावे लागू लागले आणि तयार लंगोटांचे संच दुकानांत दिसू लागले. लंगोटाच्या वाटचालीत डायपर हा मोठा बदल मानला जातो. आमच्या मते सुती लुगडे घरातून गेले, हा बदलही तेवढाच मोठा होता.

शोषक चूर्णाचे डायपर

अमेरिकेत १९६१ साली ‘पॅम्पर्स’ हे वापरून टाकून देण्याचे डायपर बाजारात आले. त्यामागे व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याचे परिश्रम होते. त्या वेळी आत केवळ लाकडाच्या लगद्याचा कापूस असे आणि डायपर जाडजूड होई. खरी क्रांती झाली ती १९८० च्या दशकात, आतील लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे चूर्ण मिसळले गेले तेव्हा. शुद्ध पाणी असेल तर हे चूर्ण स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवीत क्षार असल्याने ते प्रमाण बरेच उतरते, तरीही ते कापसाच्या कितीतरी पट राहते. शोषलेले पाणी जेलीसारखे घट्ट होते आणि दाबले तरी सहज परत येत नाही.

आजच्या डायपरचे तीन थर असतात. कातडीला लागणारा थर पाणी आत जाऊ देतो व स्वतः लवकर कोरडा होतो. मधल्या थरात लगदा व चूर्ण असते. बाहेरचा पातळ प्लास्टिकचा थर गळती थांबवतो. चांगल्या प्रतीच्या डायपरमध्ये त्याला वाफ जाण्यापुरती अतिसूक्ष्म छिद्रे असतात. भारतीय बाजारपेठेत हे डायपर १९९० च्या दशकात पसरू लागले आणि आज ते खेड्यातील किराणा दुकानातही सुटे मिळतात.

डायपरने कातडीचे नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्लास्टिकच्या चड्डीखालील ओल्या लंगोटाच्या मानाने चांगला व वेळेवर बदललेला डायपर कातडीला अधिक कोरडे ठेवतो. नोकरी करणाऱ्या आईची झोप आणि वेळ त्याने वाचवला, हेही खरे. २०१९ च्या महापुरात शहराचे उपसा पंप पाण्याखाली गेले आणि चहूकडे पाणी असून नळाला पाणी नव्हते. अशा वेळी धुवायचे लंगोट निरुपयोगी ठरतात आणि टाकून देण्याचे डायपर हाच आधार उरतो.

दोष आहे तो इतकाच, की डायपर ओल लपवतो. सुती लंगोट ओला झाला की बाळ रडते, आई पाहते, बदलते. डायपर तीन-चार वेळच्या लघवीनंतरही वरून कोरडा भासतो. महाग असल्यामुळे तो ‘पुरता भरेपर्यंत’ ठेवण्याकडे कल होतो, आणि ज्या कुटुंबाला तो कमी परवडतो त्या कुटुंबातील बाळाच्या अंगावर तो अधिक वेळ राहतो.

शिवाय त्याचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहेच. प्लास्टिक, चूर्ण आणि विष्ठा यांचे ते गाठोडे सडत नाही आणि जाळावे तर घातक धूर होतो. कचरा वेचणाऱ्या भगिनींना ते उघड्या हातांनी वेगळे करावे लागते. पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेने याविरुद्ध जाहीर आवाज उठवला होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपरचा स्वतंत्र उल्लेख झाला. ते नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आणि त्यासाठी वेष्टन पुरविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली.

पुन्हा कापडाकडे

गेल्या काही वर्षांत सुशिक्षित तरुण पालकांमध्ये कापडी डायपरचा नवा अवतार लोकप्रिय झाला आहे. त्याचे बाहेरचे आवरण पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवून केलेले असते. ते पाणी अडवते, परंतु प्लास्टिकच्या चड्डीप्रमाणे चरचरत नाही आणि धुऊन पुनःपुन्हा वापरता येते. टिचबटणांच्या ओळींमुळे एकच आवरण बाळाच्या वाढीप्रमाणे लहानमोठे करता येते. आत सुती कापडाच्या घड्या असतात. आजीचे बाळोते आणि पणतूचे हे वस्त्र यांत तत्त्वाचा फरक नाही. सुताने टिपावे, आवरणाने अडवावे आणि माणसाने वेळेवर बदलावे, हेच ते तत्त्व होय.

लंगोट वाचायचा कसा?

आमच्या दृष्टीने या लेखाचा गाभा येथे आहे. निरोगी बाळ पहिल्या चोवीस तासांत, क्वचित अठ्ठेचाळीस तासांत, पहिली लघवी करते. पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी थोडी असते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसरात्र मिळून किमान सहा वेळा लंगोट ओला झाला, तर आईचे दूध पुरते आहे असे बहुधा समजावे. ‘दूध पुरत नाही’ या नुसत्या शंकेने वरचे दूध सुरू करणाऱ्या आयांना हा साधा हिशेब पुष्कळ धीर देतो. आणि खरोखरच दूध पुरत नसेल तर तोच हिशेब वेळीच सावध करतो. पहिल्या काही दिवसांनंतरही पांढऱ्या कापडावर विटकरी रंगाचे डाग पडत असतील, तर पाजण्याची पद्धत तपासून घ्यावी.

रंगाचेही तसेच. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. कावीळ असलेल्या बाळाच्या लंगोटावर गडद पिवळे डाग पडू लागले आणि शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. या विकारावरील शस्त्रक्रिया साधारणतः साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक असते. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक मातेला शीच्या रंगांचे चित्रपत्रक दिले जाऊ लागले व त्यामुळे अशी बाळे लवकर ओळखता आली. आपल्याकडे ते पत्रक नसले तरी पांढरे सुती कापड प्रत्येक घरात असू शकते.

अतिदक्षता विभागात तर लंगोट हे मापच असते. कोरड्या लंगोटाचे वजन ओल्याच्या वजनातून वजा केले की लघवी कळते. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. बाळाच्या दर किलो वजनामागे ताशी किमान एक मिलिलिटर लघवी व्हावी, अशी आमची अपेक्षा असते. त्याहून कमी झाल्यास सलाईनचा व औषधांचा पुन्हा विचार करावा लागतो.

कापडातूनही धोका पोचू शकतो, हेही येथे सांगणे भाग आहे. १८८६ साली ब्रिटनमध्ये काही नवजात बाळे अचानक निळी पडली. शोधाअंती असे आढळले की, लंगोटांवर रुग्णालयाचा शिक्का मारण्यासाठी वापरलेली अॅनिलिनयुक्त शाई कातडीतून रक्तात गेली होती. आपल्या घरांतील तसाच धोका म्हणजे ट्रंकेतील डांबरगोळ्या. नॅप्थॅलिनच्या या गोळ्यांचा अंश कापडात उतरतो, श्वासातून व तेल लावलेल्या कातडीतून बाळाच्या अंगात जातो आणि ज्या बाळांमध्ये जन्मतः ‘जी-सिक्स-पी-डी’ या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. सबब आजीचे लुगडे अवश्य वापरावे, परंतु डांबरगोळ्यांत ठेवलेले कदापि नव्हे.

कातडी लाल का होते?

ओलीने कातडीचा वरचा थर फुगतो व घासला की सोलवटतो. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, कातडीची मूळची सौम्य आम्लता नाहीशी होते आणि विष्ठेतील पाचकरस अधिक तीव्रपणे कातडी खाऊ लागतात. म्हणून लघवीपेक्षाही शीचा लंगोट राहू देणे अधिक वाईट. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा व भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशीचा संसर्ग समजून डॉक्टरांना दाखवावे.

पालकांसाठी काही सूचना

१. जन्मानंतरचा पहिला आठवडा शक्यतो पांढरा सुती लंगोट वापरावा. डायपर वापरल्यास आत सुती तुकडा ठेवावा, म्हणजे लघवीचा हिशेब राहतो.

२. लंगोट दर दोन-तीन तासांनी पाहावा. शी झाल्यास तत्काळ बदलावा. दिवसातून काही वेळ बाळाला खालून उघडे ठेवावे.

३. कापडावरील शी प्रथम संडासात टाकावी. बाळाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज आहे. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत.

४. लंगोट साबणाने धुऊन दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावेत व उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी. बंद खोलीत शेगडी पेटवू नये.

५. रबर वा प्लास्टिक बाळोत्याच्या खाली असावे. लंगोट सैल बांधावा. पाय सरळ आवळून बाळाला घट्ट गुंडाळल्याने खुब्याचा सांधा निखळण्याची शक्यता वाढते.

६. पावडर मारू नये. ती श्वासात जाते. ओळखीच्या दुकानातून आणलेले ‘सर्वगुणी’ मलम लावू नये. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते आणि डायपरखाली ते अधिक शोषले जाते. झिंक ऑक्साइडचे साधे मलम पुरेसे आहे.

७. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्यावा. तो उचलणाराही कोणाचा तरी आई-बाप आहे.

लंगोट कोणता वापरावा, हा प्रत्येक कुटुंबाच्या ऐपतीचा, सोयीचा आणि पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्न आहे. त्यासाठी कोणत्याही मातेला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कापड बदलले, आवरण बदलले. परंतु ओला लंगोट सोडताना त्याकडे क्षणभर निरखून पाहणारी नजर मात्र बदलू नये, एवढीच आमची विनंती आहे. ही नजर पूर्वी केवळ आई-आजीची असे. ती आता वडिलांनीही कमवावी. तसेच ज्या हितचिंतकांच्या घरी जुनी, मऊ, पांढरी सुती धोतरे वा लुगडी असतील, त्यांनी ती स्वच्छ धुऊन आपल्या ओळखीतील गरजू बाळंतिणीपर्यंत अवश्य पोचवावीत.